तुळशीच्या लग्नाला आणलेली तुळस संक्रांतीआधी का वाळते?

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात. त्यासाठी घरोघरी नवं रोप येतं. आणलं तेव्हा ते हिरवंगार, मंजुळांनी लगडलेलं असतं. मार्गशीर्षात खालची पानं पिवळी पडायला लागतात आणि संक्रांतीच्या आत वृंदावनात नुसत्या काड्या उरतात. पुढच्या दिवाळीला पुन्हा नवं रोप, पुन्हा तेच. पुण्यात आमच्या सोसायटीत आणि नात्यागोत्यात अशी वाळत चाललेली रोपं मी बरीच वर्षं हाताळते आहे. कारण प्रत्येक घरी थोडं वेगळं निघतं, पण बहुतेक वेळा ते मातीच्या खाली सापडतं, आणि घरचे मात्र वरची पानं बघून पाणी वाढवत असतात.

आधी लक्षणं नीट बघा

- पानं मलूल होऊन लोंबलीत, पण माती ओली आहे. सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच. मुळं गुदमरलीत.
- पानं लोंबलीत आणि मातीही कोरडी, कुंडीच्या कडेपासून सुटलेली. हे रोप फक्त तहानलेलं आहे. सावकाश दोनदा पाणी द्या, संध्याकाळपर्यंत उभं राहतं.
- खालची पानं पिवळी पडून गळतात, वर मंजुळा दाट, मधलं खोड उघडं.
- थंडीच्या रात्रीनंतर कोवळे शेंडे काळपट पडलेत.
- पानं वळलेली, चुरगळलेली, आणि मागच्या बाजूला बारीक काळे ठिपके. ही कीड.
- पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खार.
- बाकी झाड हिरवं असताना एकच फांदी, किंवा झाडाची एकच बाजू अचानक वाळली.

एकाच रोपावर दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात. तरी तपासणी खालच्या क्रमानेच करा. पहिल्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत आणि रोपाला धक्काही लागत नाही. उपटून माती बदलणं हा शेवटचा उपाय आहे, आणि लोक बरोबर तिथूनच सुरुवात करतात.

नख, बोट आणि कुंडीचं वजन

खोडाची साल नखाने अगदी हलकी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर तो भाग जिवंत आहे. वरच्या फांदीपासून सुरू करून खाली येत जा. वरती तपकिरी आणि खाली हिरवं असेल, तर हिरव्या भागाच्या थोडं वर कापून रोप वाचवता येतं. अगदी मातीलगतसुद्धा कोरडं तपकिरी लागलं, तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ शेवटचा भाग वाचा.

मग बोट दोन पेरं मातीत खुपसा. वरचा थर हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने फसवतो. वर भुरभुरीत कोरडं दिसतं आणि दोन पेरांखाली चिखल असतो. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर उचलून पाहा. भरपूर पाणी दिल्यावरचं वजन आणि दोन दिवसांनंतरचं वजन एकदा हाताला कळलं की बोट घालायचीही गरज राहत नाही. मातीचा वासही घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. आंबूस, कुजका वास आला तर मुळं सडायला लागलीत असं समजा.

रोजचा तांब्या

आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती मोडायला मी कुणालाच सांगत नाही. पण अंगणातल्या वृंदावनात पाणी खाली जमिनीत उतरून जायचं. फ्लॅटच्या गॅलरीतल्या आठ इंची कुंडीत ते उतरायला जागाच नाही. त्यात हिवाळ्यात ऊन तिरकं, रात्री गार, झाडाची वाढ मंदावलेली, म्हणजे ते पाणी पिणार तरी किती? एप्रिलमध्ये जे पाणी दुपारपर्यंत संपतं, ते डिसेंबरात दोन-तीन दिवस मातीत तसंच राहतं.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, टोकाची बारीक मुळं मरतात. मग ओल्या मातीत उभं असूनही रोपाला पाणी ओढता येत नाही आणि पानं तहानल्यासारखी मान टाकतात. ते बघून घरचे आणखी एक तांब्या ओततात. बहुतेक तुळशी याच फेऱ्यात जातात.

रीत पाळायची तर फुलपात्रभर पाणी वाहा. अर्घ्याला चार थेंबही पुरतात. किंवा वृंदावनापुढे ताम्हन ठेवून त्यात पाणी सोडा आणि बोट कोरडं येईल त्या दिवशी ते मुळाशी घाला. थंडीत भरपूर पाणी द्यायचं ते दोन पेरं माती कोरडी झाल्यावरच, आणि तेही कोवळं ऊन आल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला. पहाटेचं टाकीतलं गारढोण पाणी मुळांना मानवत नाही. पावसाळ्यात झाड उघड्यावर असेल तर वरून पाणी घालायची गरजच नाही.

भोक आहे का, आणि ते उघडं आहे का

पाण्याचं ठरलं की कुंडी तिरकी करून तळ बघा. बाजारात मिळणाऱ्या चिनी मातीच्या, फायबरच्या किंवा रंगवलेल्या छोट्या वृंदावनांना पुष्कळदा भोकच नसतं. असलं तर ते करंगळीच्या टोकाएवढं, वरून मातीने लिंपलेलं. खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचून राहिलं, तर भोक असूनही नसल्यासारखंच.

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंची तुळस दर वर्षी जायची. भोक होतं, ताटलीही कोरडी असायची. कुंडी आडवी करून तळातून काडी घातली तर ती आतच शिरेना. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून कधीतरी कुणीतरी आतून भोकावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला होता आणि पुढे सगळे ते विसरून गेले. तो काढला, भोकावर खापराचा बाक असलेला तुकडा पालथा ठेवला, आणि तीच कुंडी आता व्यवस्थित निथळते.

काडी किंवा जाड तार घालून भोक मोकळं करा. कुंडीखाली दोन फरशीचे तुकडे ठेवून तळ जमिनीपासून उचला. वृंदावनाला भोकच नसेल आणि ते ठिसूळ असेल, तर छिन्नी-हातोडा घेऊ नका, तडकतं. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे रोप वेगळ्या साध्या कुंडीत लावायचं आणि ती कुंडी वृंदावनात उतरवायची. तळाशी विटेचा तुकडा ठेवा, म्हणजे साठलेलं पाणी कुंडीला टेकणार नाही, आणि ते आठवड्यातून एकदा काढून टाका. मी तर सगळ्यांना दोन कुंड्या तयार ठेवायला सांगते. एक वृंदावनात पूजेला, दुसरी उन्हात, आणि दर पंधरवड्याला अदलाबदल. ज्यांच्या देव्हाऱ्याजवळ किंवा दारात ऊन येत नाही, त्यांना दुसरा मार्गच नाही.

पूजेचं साहित्य

हळद-कुंकू, अक्षता, दूध-पाणी, साखर, उदबत्तीची राख, निरांजनातलं तेल हे सगळं बुंध्याशी साठतं. दुधाने मातीवर बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. तेलाने वरचा थर पाणी शोषत नाही. अक्षता आणि साखरेला मुंग्या येतात, आणि मुंग्या मावा व पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडींना सांभाळतात, कारण त्या सोडत असलेला गोड चिकटा त्यांना हवा असतो. तुळशीवर पुन्हा पुन्हा पिठ्या ढेकूण येत असेल, तर आधी मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा.

बुंध्याभोवतीचा वरचा बोटभर थर खरवडून काढा आणि कोरडी, भुसभुशीत माती भरा. वृंदावनाच्या काठावर किंवा पुढे एक पणती नाहीतर वाटी ठेवा, हळद-कुंकू त्यात वाहा. दिवा खोडापासून किमान वीतभर लांब ठेवा. ज्योतीच्या उष्णतेने साल एका बाजूने भाजते आणि त्या बाजूच्या फांद्या वाळतात. एका बाजूने वाळलेली तुळस दिसली की मी आधी दिव्याची जागा विचारते.

मंजुळा

लग्नासाठी लोक मुद्दाम मंजुळा असलेलं रोप निवडतात. पण झाड बी धरायला लागलं की सगळी ताकद तिकडे वळते. नवी पानं थांबतात, खालची गळतात, खोड लाकडासारखं होतं. म्हणून लग्न लागलं की दोन-चार दिवसांत मंजुळा खुडा. नुसता तुरा ओढू नका, त्याच्या खालच्या पानांच्या एका जोडीसकट कात्रीने कापा. तिथून दोन नवे फुटवे निघतात.

तुळस तोडायला मन होत नाही, हे मला ठाऊक आहे. खुडलेल्या मंजुळा विठोबाला वाहाव्यात, त्या वाया जात नाहीत. ज्या घरी एकादशी, द्वादशी किंवा रविवारी तुळस तोडत नाहीत, त्यांनी दुसरा वार धरावा. काही मंजुळा बियांसाठी ठेवायच्या असतील तर एक-दोन पुरेत, आणि त्या तपकिरी होईपर्यंत झाडावर राहू द्या. एक मात्र लक्षात ठेवा, सगळी पानं जातील इतकं खाली एकदम कापू नका. जुन्या लाकडाला फुटवा येईलच असं नाही.

जागा: ऊन, थंडी, गरम वारा

तुळशीला रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन हवं. उत्तरेकडच्या गॅलरीत हिवाळ्यात सूर्य येतच नाही, कारण तो दक्षिणेकडे कललेला असतो. दिवाळीत रोप जिथे ठेवलं, तिथे डिसेंबरात ऊन पोचतं का, हे एकदा स्वतः उभं राहून पाहा. पुण्यात, नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो. निफाडकडे तर त्याहून कमी. तुळस उष्ण हवेतली. अशा थंडीत तिची वाढ थांबते, शेंडे काळे पडतात, पानं जांभळट होतात. रात्री कुंडी भिंतीलगत सरकवा किंवा वरून जुनं सुती कापड टाका, सकाळी काढा. काळे शेंडे लगेच कापू नका. थंडी ओसरेपर्यंत ते खालच्या पानांना थोडा आडोसा देतात.

कोकणात, मुंबईत, गोव्यात एवढी थंडी पडत नाही. तिथे तुळस वाळली तर थंडीला दोष न देता पाणी आणि माती बघा. शिवाय गॅलरीत एसीचं बाहेरचं युनिट असेल, तर त्याच्या गरम हवेच्या झोतात कुंडी नाही ना, तेही बघा.

नर्सरीतलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते आणल्या आणल्या गच्चीत भर उन्हात ठेवलं की पानं पांढुरकी पडून करपतात. आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन द्या, मग वाढवत न्या.

कीड

पान उलटं करा. तुळशीवर जाळीदार पंखांचा एक अगदी बारीक ढेकूण येतो, तो पानाच्या मागे राहून रस शोषतो. पानं वळतात, पिवळी पडतात, आणि मागे काळ्या शाईचे थेंब उडाल्यासारखी त्याची विष्ठा दिसते. पुष्कळ जण याला पाणी कमी पडलं असं समजतात. पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. बारीक जाळं आणि पिवळे ठिपके असतील तर लाल कोळी. पानं दोऱ्याने शिवल्यासारखी गुंडाळली असतील तर आत अळी आहे, ती हाताने काढा.

जास्त बिघडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. रोप आडवं धरून पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारा. मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून नीट ढवळा, संध्याकाळी पानांच्या मागून-पुढून फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. दर सात दिवसांनी, तीन वेळा. अंड्यांतून नंतर बाहेर येणारी पिल्लं एका फवारणीत मरत नाहीत, म्हणून मधे थांबू नका. त्या काळात पानं खाऊ नका.

झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, शेतातलं उरलेलं औषध यातलं काहीही तुळशीवर वापरू नका. हीच पानं नंतर चहात, काढ्यात आणि तीर्थात जातात, लहान मुलांच्या हातावर पडतात.

पाणी कसलं आहे

काठावर पांढरी खार असेल तर घरात कुठलं पाणी येतं ते विचारा. बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं जड पाणी सॉफ्टनरमधून सोडतात. त्यात मीठ वापरलं जातं. पाण्यातला चुना निघून त्या जागी सोडियम येतं, आणि ते मातीत साठत जातं. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही क्षारांनी भरलेलं असतं, फरशी पुसायला ते उत्तम, तुळशीला नको. महापालिकेचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. महिन्यातून एकदा, भोक नीट वाहतंय याची खात्री करून, कुंडीतून भरपूर पाणी निथळू द्या म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील. सिमेंटचं वृंदावन नवं असेल तर त्यातूनही चुना सुटतो. माती भरण्याआधी आठ-दहा दिवस त्यात पाणी भरून ठेवा आणि ते रोज बदला.

शेवटी माती

इथवर सगळं तपासूनही ओल्या मातीत पानं मान टाकत असतील, तर रोप बाहेर काढावंच लागेल. नर्सरीतली पुष्कळ रोपं चिकट लाल मातीत असतात. काळी पिशवी फाडून तो गोळा तसाच कुंडीत ठेवला जातो आणि भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं जातं. वर्षभराने काढलं तरी पिशवीच्या आकाराचा तो गोळा जसाच्या तसा निघतो. बाहेरचं कोकोपीट ओलं राहतं, आतली माती एकतर दगड झालेली असते नाहीतर चिखल. मुळं त्या गोळ्यातच गोल गोल फिरत राहतात. कधी कधी तर पिशवीच काढलेली नसते.

आदल्या दिवशी पाणी देऊ नका. कुंडी आडवी करून कडा थोपटा, रोप बुंध्याशी धरून सरकवा, ओढू नका. मुळं पाहा. पांढरट, कडक मुळं म्हणजे तब्येत ठीक. तपकिरी, बोटांत धरली की साल निसटून आत दोरा उरतो ती मुळं सडलेली. गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून चिकट माती हाताने सोडवा, सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. जितकी मुळं गेली त्या मानाने वरच्या फांद्याही कमी करा, साधारण तिसरा भाग. थोड्या मुळांवर मोठा पसारा पोसला जात नाही.

दोन भाग चाळलेली साधी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. समुद्राची वाळू नको. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की फुटलं पाहिजे. दहा-बारा इंची कुंडी पुरे, त्याहून मोठी घेतली तर ओलावा जास्त दिवस राहतो. एकदा तळातून पाणी येईपर्यंत द्या, आठवडाभर सावलीच्या उजेडात ठेवा, मग उन्हात. महिनाभर खत घालू नका. कापलेल्या मुळांना ते सोसत नाही.

मुळं धडधाकट असतील तर थंडीत माती बदलूच नका, फाल्गुनापर्यंत थांबा. सडलेली असतील तर मात्र मुहूर्त बघू नका.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

खोड मातीलगत तपकिरी आणि मुळं निसटणारी असतील तर रोप गेलं, असं समजा. त्याला आणखी पाणी-खत देत बसू नका. वरच्या एखाद्या फांदीत हिरवं असेल तर मंजुळ नसलेला चार-पाच इंची शेंडा कापा, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात उजेडात ठेवा आणि दोन दिवसांनी पाणी बदलत राहा. उबदार हवेत पंधरा दिवसांच्या आसपास मुळं फुटतात. तसंही कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, त्यामुळे दर पावसाळ्यात एखादं रोप तयार करून ठेवणं बरं. बी बारीक असतं, ते मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरू नका.

एकच बाजू अचानक वाळली, दिवा दूर होता, आणि खोड आडवं कापल्यावर आत तपकिरी कडं दिसलं, तर मातीतून येणाऱ्या मर रोगाची शंका घ्या. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. नव्या मातीतही दुसरं रोप असंच गेलं, तर घरगुती उपाय थांबवा. मुळांसकट रोप आणि किलोभर माती घेऊन जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. तिथे वनस्पतींचे रोग ओळखणारी माणसं असतात, आणि नेमकं नाव कळल्याशिवाय बुरशीनाशक घालण्यात अर्थ नाही. तीन फवारण्यांनंतरही कीड तशीच असेल तर अनुभवी माळ्याला घरी बोलवून दाखवा, फोटोवरून औषध विचारू नका.

आणि वृंदावन गच्चीवर किंवा अंगणात पक्कं बांधलेलं असेल, त्यातून पाणी निघत नसेल किंवा खालच्या छताला ओल येत असेल, तर ते काम गवंड्याचं. स्लॅबमध्ये स्वतः भोक पाडायला जाऊ नका, आतली सळई आणि वॉटरप्रूफिंगचा थर दोन्ही बिघडतात. तो येईपर्यंत रोप साध्या कुंडीत हलवा आणि पूजा तिथेच करा.